डिकीवरचा चहा

मी एक जुना कॅमेरा आहे. ज्याच्यासमोर माणसे केस सारखे करून हसतात, तसला मी नाही. माझ्यासमोर कुणी हसत नाही. अलेक्झांड्रिया शहरातल्या पार्किंग खात्याच्या एका पांढऱ्या गाडीच्या टपावर मी नऊ वर्षे बसलो होतो. भलत्या जागी उभ्या केलेल्या गाड्यांचे फोटो काढणे हे माझे काम होते. मित्रांनो, असल्या कामाची गोष्ट कुणी ऐकावी की नाही, याची मला स्वतःलाच शंका आहे. ती मला नीट सांगता येईल, याचीही खात्री नाही. पण एके दिवशी मी एक वस्तू पाहिली. ती माझ्या अगदी समोर होती, मी तिचा दोनदा फोटो काढला, आणि तरीही ती मला दिसली नाही. त्या दिवसाचा अचंबा माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे पांढरे अंगरखे घातलेली माणसे श्वाससुद्धा जपून घेत, कारण माझ्या काचेवर वाफ बसू नये. त्यांनी मला डोळा दिला, आकडे आणि अक्षरे ओळखायला शिकवली. नोंदी तोंडी सांगता याव्यात म्हणून दोन कान दिले, एक गाडीच्या टपावर आणि एक कचेरीतल्या पडद्यापाशी. पडद्यापाशी एक बारीक डोळाही दिला. त्यामुळे माझा अर्धा जीव रस्त्यावर असे आणि अर्धा कचेरीत. मग मला मऊ स्पंजात गुंडाळून जहाजावर चढवले.

अलेक्झांड्रियाच्या बंदरावर पेटी उघडली तेव्हा समोर मोठमोठी माणसे उभी होती. टाळ्या झाल्या. रव्याची गोड बसबूसा वाटली गेली. बाशमुहंदिस ममदूह हे खात्याचे प्रमुख. इंजिनियर माणसाला तिकडे याच मानाच्या नावाने हाक मारतात. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितले, "हा तासाला हजार नंबर वाचतो. याला डुलकी लागत नाही, याचा कुणी मेहुणा नाही, आणि याला कुणी चहा पाजू शकत नाही." सगळे हसले. मला फार बरे वाटले. आपण कधी चुकणार नाही, असे मलाही वाटू लागले.

तो गर्व दोन महिने टिकला. त्या देशात पाचाचा आकडा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता एक ठिपका. एका डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा नंबर तीन आकडी होता. त्या पाटीवर शेवटच्या आकड्याशेजारी एक माशी येऊन बसली. मी इमानाने तिला शून्य म्हणून वाचले, आणि दंडाची नोटीस शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका माणसाला गेली. त्याने पाच वर्षांपूर्वीच गाडी विकून गाढवगाडी घेतली होती. तो गाढवासकट कचेरीत आला. "घ्या," तो म्हणाला, "याला विचारा ते त्या दिवशी कुठं उभं होतं."

तेव्हापासून नियम झाला की मी काढलेला प्रत्येक फोटो आधी एका अधिकाऱ्याने डोळ्यांखालून घालायचा, खाली सही करायची, आणि मगच नोटीस जायची. त्या अधिकारी म्हणजे मॅडम नेमात.

नेमात मॅडमनी माझ्या आधी बारा वर्षे वही आणि पेन घेऊन गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या. आता त्याच माझी गाडी चालवत. रोज सकाळी निघण्यापूर्वी त्या नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याच्या फडक्याने माझी काच पुसत. समुद्राचा वारा खारट, रात्रीतून काचेवर पांढरी साय धरते. पुसताना त्या सूर्यफुलाच्या बिया फोडत माझ्याशी बोलत. "काल काय दिवे लावलेस? हातगाडीलाच नोटीस काढलीस ना?"

त्यांची पद्धत मला नवलाची वाटे. मी गाडी पाहिली की नंबर, जागा आणि वेळ टिपायचो. त्या खाली उतरायच्या. बॉनेटवर तळहात ठेवायच्या. गरम असेल तर गाडी आत्ताच आली आहे. टायरच्या हवेची नळी घड्याळाच्या कुठल्या आकड्यावर आहे ते पाहायच्या, म्हणजे मधल्या वेळात गाडी हलली की नाही ते कळे. मागच्या सीटवर औषधाच्या पिशव्या आहेत का, लहान मुलाची खुर्ची आहे का, हेही पाहायच्या. मला वाटायचे, एवढ्याशा गाडीत या इतके काय वाचतात.

त्याही फसत. एका तलम कोटातल्या माणसाने तीन आठवडे त्यांना आजारी आईची गोष्ट सांगून अपंगांच्या जागेवर गाडी लावली. बिचारा, म्हणून त्या पुढे जात. शेवटी माझ्या नोंदी काढल्या, तेव्हा दिसले की तो रोज त्याच वेळी समोरच्या न्हाव्याकडे दाढी करायला बसतो. नेमात मॅडमनी त्या नोंदी परत एकदा पाहिल्या. मग म्हणाल्या, "शाब्बास रे. माझ्या काळजाला चष्मा लागलाय." म्हणून मी असे म्हणत नाही की माणूस शहाणा आणि यंत्र आंधळे. आम्ही दोघे मिळून कसेबसे एक नीट पाहणारे होतो.

पुढे बाशमुहंदिसांनी वेग वाढवायला सांगितला. गाडी थांबवायची नाही, खाली उतरायचे नाही, कॅमेरा बघेल. मॅडमनी दोन शब्द बोलून पाहिले आणि गप्प बसल्या. त्यानंतर त्यांनी बॉनेटवर हात ठेवलेला मी पाहिला नाही. संध्याकाळी कचेरीत बसून त्या फोटोंवर सह्या करत.

आता एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. त्या शहरात गाड्या फार आणि जागा थोडी. म्हणून कडेच्या गाड्यांना लागून लोक दुसरी रांग लावतात. पण दुसऱ्या रांगेत गाडी लावणाऱ्याने ती गियरमध्ये ठेवायची नाही आणि हँडब्रेक ओढायचा नाही. ओढला तर लोक त्याला माणसांत गणत नाहीत. कारण आतल्या गाडीला बाहेर पडायचे असेल तर बाहेरची गाडी हाताने ढकलून पुढे सारतात, वाट करतात, आणि नंतर मागे आणून ठेवतात. गल्लीगल्लीत त्यासाठी एक राखणदार असतो. मालक चार मजले वर निवांत असतो आणि त्याची गाडी खाली हळूहळू येरझाऱ्या घालत असते.

अशाच एका गल्लीत एक मोठे इस्पितळ होते. त्याच्या रुग्णवाहिकेच्या फाटकासमोर मात्र कुणीही, कधीही थांबायचे नाही, असा कडक नियम होता. तिसऱ्यांदा सापडला तर टॅक्सीवाल्याचा परवाना सहा महिने बंद.

एका मंगळवारी आम्ही त्या गल्लीतून दोनदा गेलो. दहा वाजून अठरा मिनिटांनी मी दुसऱ्या रांगेतल्या एका काळ्या-पिवळ्या टॅक्सीचा, जुन्या रशियन बनावटीच्या लाडा गाडीचा, फोटो घेतला. दुसऱ्या रांगेला तिथे नुसती सूचना असते, दंड नसतो. दहा बावन्नला परतताना तीच टॅक्सी पंधरा पावले पुढे, बरोबर फाटकासमोर होती. मी टिपली. मागून हॉर्न वाजत होते. नेमात मॅडमनी पाय ब्रेककडे नेला, मग नियम आठवून काढून घेतला. आम्ही पुढे गेलो.

सहा मिनिटांनी रुग्णवाहिका आली. आत एक बाळंतपणाला अडलेली बाई होती. लाडाच्या पुढे गॅसच्या टाक्यांचा ट्रक उभा होता, आणि मागची मोकळी जागा एका परक्या गाडीने भरली होती. तिचा हँडब्रेक घट्ट. त्यामुळे लाडा पुढेही ढकलता येईना, मागेही. नऊ मिनिटे गेली. शेवटी चार माणसांनी त्या बाईला स्ट्रेचरवर उचलून गाड्यांच्या फटीतून आत नेले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली, पण गल्लीतला प्रत्येक माणूस टॅक्सीवाल्याच्या नावाने खडे फोडत होता. इस्पितळाचे तक्रारीचे पत्र दुपारीच आले. संध्याकाळी दोनशे बारा फोटो तपासायचे होते. नेमात मॅडमनी तपासले आणि सह्या केल्या. लाडाच्या फोटोखालीही सही झाली.

दुसऱ्या दिवशी तो टॅक्सीवाला कचेरीत आला. उस्ता वग्दी. कारागिराला, ड्रायव्हरला तिकडे मानाने उस्ता म्हणतात. साठीचा माणूस, मनगटावर आतल्या बाजूला गोंदलेला निळा क्रूस, हातात टोपी.

"मॅडम, मी तिथं गाडी लावली नाही."

"उस्ता, या खुर्चीत बसून सगळे हेच म्हणतात. खुर्चीलासुद्धा पाठ झालंय."

"पहिल्या दोन वेळा मी म्हटलं होतं का?"

नेमात मॅडमनी जुन्या नोंदी काढल्या. दोन्ही वेळा त्याने एका शब्दाची तक्रार केली नव्हती.

"तेव्हा मीच लावली होती," वग्दी म्हणाला. "घाईत होतो. गप्प दंड भरला."

"आणि काल गाडी आपली आपण चालत गेली?"

"या शहरात दुसऱ्या रांगेतली गाडी चालतेच की. तुमची नाही चालत?"

मॅडमना हसू आले, ते त्यांनी दाबले. "मग ढकलली कुणी?"

"मला काय ठाऊक? मी चौथ्या मजल्यावर होतो. लिफ्ट बंद. एका आजीबाईंना खुर्चीत बसवून वर नेलं. खाली आलो तर लोक माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते."

"त्या आजी सांगतील?"

"त्यांना मी त्यांचा धाकटा भाऊ वाटतो. जाताना मला म्हणाल्या, शाळेत वेळेवर जा."

"राखणदार?"

"बोरई? तो म्हणतो, मी त्या वेळी नमाजाला गेलो होतो."

"दहा बावन्नला कुठली नमाज?"

"तेच म्हटलं मी. मी ख्रिस्ती माणूस, मला वेळा माहीत आहेत, त्याला नाहीत." मग त्याचा आवाज खाली आला. "मॅडम, चाळीस वर्षं झाली स्टिअरिंग धरून. सहा महिने घरी बसलो तर परत या गुडघ्यांनी क्लच दाबता येणार नाही. आणि लोक म्हणतील, पोटुशी बाई अडवली ती यानं. माझी सून आठव्या महिन्यात आहे. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही."

बाशमुहंदिस ममदूह दारात येऊन उभे होते. "नेमात, हे प्रकरण मिटलंय. यंत्रानं पाहिलं, तू पाहिलंस, सही झाली. आता काय राहिलं?"

"दोन्ही फोटो शेजारी लावून बघायचं राहिलं," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, मी ते दोन फोटो दोन वेगळ्या नोंदींत ठेवले होते. एक सूचना, एक गुन्हा. ते एकमेकांचे कुणी लागतात, हे मला सुचलेच नव्हते. मॅडमनी ते पडद्यावर शेजारी शेजारी मांडले आणि हनुवटीखाली हात घेऊन बसल्या. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहत होतो. ते नंबरावर थांबले नाहीत, घड्याळावर थांबले नाहीत. भटकत राहिले, जणू एखाद्या अनोळखी घरात कुणी हळूच फिरते आहे. मग एका जागी थांबले. त्यांनी तो कोपरा मोठा केला.

"उस्ता, हे डिकीवर काय आहे?"

वग्दी वाकला. "माझा चहा," तो म्हणाला. "समोरच्या चहावाल्याचा. अर्धा प्यायलो होतो, तेवढ्यात आजीबाईंनी हाक मारली. ठेवून गेलो. अरे हो, त्याचा पेला परत द्यायचा राहिला."

पहिल्या फोटोत डिकीच्या सपाट पत्र्यावर, एका गंजलेल्या डागाला टेकून, काचेचा छोटा पेला उभा होता. अर्धा भरलेला. पुदिन्याची काडी डावीकडे झुकलेली. दुसऱ्या फोटोत, चौतीस मिनिटांनी आणि पंधरा पावले पुढे, तोच पेला, तोच डाग, तेवढाच चहा. काडी डावीकडेच.

तो पेला माझ्यात होता. माझ्या पोटात, माझ्या नोंदीत, त्याच्या कडेवरच्या चमकेसकट. मी तो टिपला होता आणि मला तो दिसला नव्हता.

"कुणी नंतर ठेवला असेल," बाशमुहंदिस म्हणाले, पण त्यांच्या आवाजातली धार गेली होती.

"त्याच डागाला टेकवून? काडी मोजून झुकवून?" मॅडम उठल्या. "गाडी खाली आहे ना, उस्ता?"

सगळे अंगणात उतरले. माझी गाडी तिथेच उभी होती, त्यामुळे हे मी टपावरून पाहिले. कचेरीच्या शिपायाकडून अर्धा पेला चहा आणून डिकीवर ठेवला. वग्दीने चावी फिरवली. लाडा खोकली, हादरली आणि सुरू झाली. पेला नाचत नाचत कडेला गेला आणि गाडी जागची हलण्याआधीच खाली पडून फुटला.

"आता ढकलून," मॅडम म्हणाल्या.

दुसरा पेला ठेवला. शिपाई पुढे झाला, पण बाशमुहंदिसांनी त्याला बाजूला केले. टाय खांद्यावर टाकला, दोन्ही तळहात पत्र्याला लावले आणि पाय रोवून रेटा दिला. वग्दीने दुसऱ्या बाजूने हात लावला. लाडा हलली. चाके इतकी हळू फिरत होती की आवाजसुद्धा येत नव्हता. पेल्यातल्या चहावर एक बारीक वर्तुळ उठले, काठापर्यंत गेले आणि विरले. पंधरा पावले. पेला जिथल्या तिथे. म्हणजे आतल्या गाडीला वाट द्यायला कुणीतरी लाडा ढकलली होती, आणि ती मागे आणण्याआधीच तिची जागा त्या परक्या गाडीने भरली होती.

बाशमुहंदिस धापा टाकत त्या पेल्याकडे पाहत उभे राहिले. "तीस वर्षं मी गाड्या ढकलतोय," ते म्हणाले, "पण त्यावरचं सामान कधी बघितलं नाही."

मला वाटले, गोष्ट इथे संपली. पण मी जे सांगायला बसलो आहे ते यानंतर घडले.

सही झाली होती. ती मागे घ्यायची तर अर्ज लिहावा लागतो, त्यात कारण द्यावे लागते, आणि तो कागद अधिकाऱ्याच्या कायमच्या नोंदीत राहतो. नेमात मॅडमच्या एकवीस वर्षांच्या नोंदीत असा एकही कागद नव्हता. त्या वर्षी त्यांची बढती होती. हे बाशमुहंदिसांना माहीत होते. माणूस वाईट नव्हता. ते हळूच म्हणाले, "लिही, नवा पुरावा मिळाला. म्हणजे तुझ्यावर काही येणार नाही."

"नवा कुठला? पुरावा कालही माझ्यासमोर होता."

"दोनशे बारा फोटो होते, बाई. कुणाला दिसला असता?"

"उस्ताला त्याचं काय?" त्या म्हणाल्या. "त्याचा एकच होता."

आणि त्यांनी लिहिले. लिहिताना शब्द पुटपुटायची त्यांना सवय होती, म्हणून मला ऐकू आले. "फोटो माझ्यासमोर होता. मी तो नीट पाहिला नाही. सही चुकीची आहे. ती मी मागे घेते." खाली नाव, तारीख. मग दुसरा कागद ओढून वग्दीच्या नावे ताकीद लिहिली, की इस्पितळाच्या गल्लीत यापुढे गाडी हँडब्रेकशिवाय सोडायची नाही.

"हँडब्रेक ओढला तर तो बोरई मला गल्लीत पाय ठेवू देणार नाही," वग्दी म्हणाला.

"मग त्या गल्लीत थांबू नका. आजींना सोडा आणि पुढच्या चौकात जा."

त्याने मान डोलावली आणि ताकिदीच्या कागदावर सही केली. सुटलेल्या माणसासारखा तो हसला नाही. टोपी डोक्यावर ठेवली, परत काढली. "मॅडम, सुनेला दाखवायला या फोटोची एक प्रत मिळेल?" मॅडमनी ती दिली. त्याने तो कागद घडी न घालता, दोन्ही हातांनी धरून नेला.

कचेरी बंद व्हायला अजून दोन तास होते. नेमात मॅडम पुन्हा पडद्यासमोर बसल्या आणि आदल्या दिवशीचा पहिला फोटो उघडला. मग दुसरा. मग तिसरा. उरलेले दोनशे अकरा फोटो त्यांनी एकेक करून परत पाहिले. सगळे बरोबर निघाले. तरीही शेवटच्या फोटोपर्यंत त्यांनी एकही भरभर सरकवला नाही. आणि दुसऱ्या सकाळी गल्लीत शिरताच, कुणाला न विचारता, त्यांनी गाडी थांबवली, खाली उतरल्या आणि एका गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला. बाशमुहंदिसांनी त्या नियमाची पुन्हा कधी आठवण करून दिली नाही.

आता मी म्हातारा झालो आहे. खारट वाऱ्याने काचेला मोतीबिंदू झाला आहे. टपावर नवा कॅमेरा आला आहे. तो तासाला पाच हजार नंबर वाचतो आणि माशी ओळखतो, असे ऐकतो. मी कचेरीतल्या कपाटावर असतो. कुणी धूळ पुसली तर पुसली. माझी त्याबद्दल फारशी तक्रार नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे तुमच्या गावात आली असतील, नसतील तर येतील. आमची काच पुसत जा, एवढी काळजी आम्हाला पुरते. पण आमच्या फोटोखाली कुणा माणसाचे नाव लिहिण्याआधी जरा थांबत जा. मी खोटे बोलत नाही, मला ते येत नाही. पण जन्मात मी लाखो फोटो काढले आणि त्यातला एकही परत घेऊ शकलो नाही. कसा घ्यायचा असतो, हे मला कुणी शिकवले नव्हते. त्या दुपारी एका बाईने एक पेन उचलून ते केले. मी ते पाहिले आहे.